मावळतीचे फोटो: कोकण किनारा आणि मुंबई. वारंवार विचारले जाणारे प्रश्न

सूर्यास्ताच्या किती आधी पोचायला हवं?

अनोळखी जागा असेल तर किमान एक तास आधी, रोजची असेल तर पाऊण तास. मुंबईत सूर्यास्ताची वेळ नोव्हेंबरच्या शेवटी संध्याकाळी ६ च्या आसपास असते आणि जुलैच्या सुरुवातीला ७.२० पर्यंत लांबते. म्हणजे "सहा-साडेसहाला जाऊ" हा अंदाज वर्षातले निम्मे दिवस चुकतो. त्या दिवसाची, त्या गावाची वेळ बघूनच निघा.

बिंबाची खालची कड क्षितिजाला टेकल्यापासून वरची कड बुडेपर्यंत आपल्याकडे जेमतेम सव्वादोन ते अडीच मिनिटं मिळतात. तेवढ्यात जागा शोधणं, ट्रायपॉड उभा करणं, लेन्स बदलणं शक्य नाही. सगळं आधी लावून ठेवावं लागतं.

आणि बिंब बुडाल्यावर सामान आवरू नका. वर उंच ढग असतील तर सूर्य क्षितिजाखालून त्यांच्या पोटावर उजेड टाकतो आणि खरा रंग १० ते १५ मिनिटांनी चढतो. किनाऱ्यावरची बहुतेक माणसं तोवर भेळेच्या गाडीकडे वळलेली असतात. त्यानंतर निळा संधिप्रकाश. युरोपातल्या मार्गदर्शकांत तो तासभर टिकतो असं वाचायला मिळतं, तिथल्या उत्तरेकडच्या देशांत उन्हाळ्यात ते खरंही आहे. आपल्या अक्षांशावर सूर्य जवळजवळ सरळ खाली उतरतो, त्यामुळे सूर्यास्तानंतर २२-२४ मिनिटांत उजेड झपाट्याने ओसरतो. कातरवेळ इथे आखूड असते, तिचा हिशेब मिनिटांत ठेवा.

सूर्य नेमका कुठे बुडेल, हे आधी कसं कळतं?

"पश्चिमेला" हे उत्तर फक्त मार्च आणि सप्टेंबरच्या विषुवदिनांपुरतं बरोबर आहे. मुंबईच्या अक्षांशावर २१ जूनच्या सुमारास सूर्य होकायंत्रावर (नेमकी पश्चिम म्हणजे २७० अंश) साधारण २९५ अंशांवर मावळतो आणि २१-२२ डिसेंबरला साधारण २४५ अंशांवर. सहा महिन्यांत ५० अंशांचा फरक पडतो. रुंद कोनाच्या २४ मिमी लेन्सची आडवी चौकट साधारण ७४ अंशांची असते, म्हणजे तिचा दोन तृतीयांश भाग या फरकातच संपतो.

मरीन ड्राइव्हवर हे स्वच्छ दिसतं. कट्ट्याच्या मधल्या भागात उभं राहिलात तर हिवाळ्यात सूर्य मोकळ्या समुद्रात बुडतो, मे-जूनमध्ये मलबार हिलच्या मागे जातो. नरिमन पॉइंटच्या टोकावरून वर्षभर समुद्रात बुडताना दिसतो. गिरगाव चौपाटीवर मात्र समोर मलबार हिल आडवी येते, तिथे बिंब पाण्याला टेकण्याची वाट बघण्यात अर्थ नाही. तिथला विषय टेकडीची काळी कड आणि तिच्यावरचे मनोरे.

किल्ल्यामागे किंवा दीपस्तंभामागे सूर्य हवा असेल तर सूर्याला हलवता येत नाही, तुम्हालाच हलावं लागतं. किल्ला तुमच्यापासून एक किलोमीटरवर असेल तर किनाऱ्याने साडेसतरा मीटर सरकलात की सूर्य किल्ल्याच्या तुलनेत एक अंशाने सरकतो. बिंबाची रुंदी अर्धा अंश, म्हणजे साधारण नऊ मीटर चाललं की एक बिंब. दूरच्या विषयासाठी हा आकडा त्याच प्रमाणात वाढवा. अलिबागच्या किनाऱ्यावर कुलाबा किल्ल्याच्या बुरुजाशेजारी सूर्य बसवायचा असतो तेव्हा हा हिशेब फार उपयोगी पडतो.

आणखी एक गोष्ट हमखास विसरली जाते. सूर्य खाली उतरताना उजवीकडेही सरकतो. शेवटच्या अर्ध्या तासात साधारण अडीच अंश, म्हणजे जवळजवळ पाच बिंबं. अर्धा तास आधी माडाच्या बरोब्बर मागे दिसणारा सूर्य पाण्याला टेकेल तेव्हा माडाच्या उजवीकडे निघून गेलेला असेल. म्हणून जागा घेताना त्याला डावीकडे ठेवून घ्या.

भरती-ओहोटीचा फोटोशी काय संबंध?

किनाऱ्यावर अर्धा फोटो भरती-ओहोटीच ठरवते. कोणता कॅमेरा, कोणती लेन्स हे प्रश्न त्यानंतरचे.

तेच हरिहरेश्वर, तीच पुळण, पण ओहोटीला खडकांमधली डबकी उघडी पडतात, ओल्या वाळूचा शंभर पावलांचा आरसा तयार होतो, आणि भरतीला त्याच जागी फक्त खडकावर आपटणारं पाणी असतं. दोन्ही चांगले विषय आहेत, पण एकाच्या तयारीने गेलात आणि दुसरं समोर आलं तर संध्याकाळ वाया जाते.

वेळ काढायची कोकणातली जुनी रीत आजही कामाची आहे: तिथीची पाऊणपट करा, तेवढ्या वाजता पूर्ण भरती. चतुर्थीला चार गुणिले पाऊण, म्हणजे ३ वाजता, दुपारी आणि पहाटे. अष्टमीला ६ वाजता. पौर्णिमा-अमावास्येला सव्वाअकरा, प्रत्यक्षात बाराच्या आसपास. भरतीनंतर साधारण सहा तासांनी ओहोटी. वद्य पक्षात प्रतिपदेपासून पुन्हा एक मोजायचं. हा अंदाज आहे. मालवण-गोव्याकडे भरती मुंबईच्या आधी लागते, त्यामुळे नेमकी वेळ त्या बंदराच्या तक्त्यावरूनच घ्या. पण सहलीची तारीख ठरवायला भिंतीवरचं कॅलेंडर पुरतं.

आता ही रीत सूर्यास्ताला लावून बघा. पौर्णिमा आणि अमावास्येच्या आसपास संध्याकाळी सहाच्या सुमारास ओहोटी असते, आणि तीही उधाणाची, म्हणजे पाणी सर्वांत लांब गेलेलं. आरशासारखी वाळू हवी असेल तर हे दिवस. अष्टमीच्या आसपास संध्याकाळी भरती असते, पण ती भांगाची, म्हणजे पाण्याचा चढ कमी. खडकांवरच्या लाटा आणि वाळूवरून परत फिरणारा फेस टिपायचा असेल तर हे दिवस बरे, कारण पाणी एकदम अंगावर येत नाही. पौर्णिमेचा आणखी एक फायदा: सूर्य मावळतो त्याच सुमारास पूर्वेला चंद्र उगवतो. किनारा सपाट असेल तर मागे सह्याद्रीच्या बाजूलाही एकदा मान वळवून बघा.

उधाणाच्या ओहोटीत एक धोका असतो. पाणी आत गेलेलं पाहून माणूस खडकांवर पुढे जातो, सूर्यास्त टिपतो, निळ्या उजेडासाठी थांबतो, आणि तेवढ्यात पाणी परत फिरतं. मुंबईकडे उधाणाला पाण्याची पातळी चार मीटरहून जास्त चढते, आणि भरतीच्या मधल्या दोन तासांत जवळजवळ निम्मा चढ होतो. मागची वाट आधी बुडते. पुढे जातानाच मागे वळून वाटेतला सर्वांत सखल भाग बघून ठेवा. तो ओला व्हायला लागला की फोटो अर्धा सोडून निघा. कुलाबा किल्ल्यात ओहोटीला चालत जाता येतं, पण सूर्यास्ताच्या फोटोसाठी संध्याकाळी आत राहणं योग्य नाही. किल्ला किनाऱ्यावरूनच टिपा, छायाकृती तिथूनच चांगली येते.

कोणते महिने चांगले?

आमचं मत विचाराल तर सप्टेंबरचा शेवट ते नोव्हेंबरची सुरुवात. पावसाने हवा धुतलेली असते, क्षितिज स्वच्छ असतं आणि वर ढग शिल्लक असतात. रंगासाठी ढग लागतातच. कोरं आकाश केशरी होतं आणि विझतं, त्यात बघण्यासारखं फार काही उरत नाही. सर्वांत चांगले ते उंचावरचे पिंजलेल्या कापसासारखे विरळ ढग. पश्चिमेला क्षितिजालगत मात्र फट मोकळी हवी, नाहीतर खालून उजेड येणारच नाही.

डिसेंबर ते फेब्रुवारी मुंबईत धुरकट हवा असते. बिंब लालबुंद होतं आणि क्षितिजाला टेकण्याआधी पाच-दहा मिनिटं हवेतच विरघळून जातं. अशा दिवशी "पाण्याला टेकलेलं बिंब" या फोटोच्या मागे लागू नका. लांब लेन्स (दूरचं जवळ आणणारी) लावून फिकट लाल गोळा आणि पुढे इमारतींचे थर, हा त्या हवेचा खरा विषय. दक्षिण कोकणात हेच महिने बरेच स्वच्छ जातात.

पावसाळ्यात सूर्य दिसेलच असं नाही, पण दिसला तर वर्षातलं सर्वोत्तम आकाश मिळू शकतं. १ जून ते ३१ जुलै यांत्रिक होड्यांची मासेमारी बंद असते, होड्या वर ओढून शाकारलेल्या असतात, समुद्रात नाव क्वचितच दिसते. किनाऱ्यावरच्या होड्यांचे फोटो मात्र याच काळात निवांत मिळतात. साडेचार मीटरहून मोठ्या भरतीचे दिवस मुंबई महापालिका दरवर्षी आधीच जाहीर करते. त्या दिवशी मरीन ड्राइव्हच्या सिमेंटच्या ठोकळ्यांवर किंवा बँडस्टँडच्या खडकांवर उतरू नका. दर पावसाळ्यात तिथून माणसं वाहून जातात.

सूर्य फोटोत एवढासा का येतो?

कारण तो तेवढासाच आहे. लेन्सचे मिलिमीटर भागिले १०९ केलं की सेन्सरवरच्या बिंबाचा आकार मिळतो. २४ मिमीला जेमतेम ०.२ मिमी, २०० मिमीला १.८, ४०० मिमीला ३.७. फुल फ्रेम, म्हणजे मोठ्या सेन्सरची रुंदी ३६ मिमी. म्हणजे ४०० ला बिंब रुंदीचा दहावा भाग व्यापतं. मोठा सूर्य आणि पुढे होडी किंवा माणूस असा फोटो हवा असेल तर लांब लेन्स लावा आणि माणसापासून तुम्हीच दूर जा. दोनशे मीटर मागे सरकलं की माणूस लहान होतो, सूर्य तेवढाच राहतो.

बिंब उंच असेपर्यंत लांब लेन्स लावून ऑप्टिकल व्ह्यूफाइंडरमधून (कॅमेऱ्याच्या काचेच्या खिडकीतून) सूर्याकडे बघू नका, डोळ्याला कायमची इजा होऊ शकते. मागच्या स्क्रीनवर बघा. सूर्य चौकटीत ठेवून कॅमेरा मिनिटन् मिनिट तसाच उभाही ठेवू नका.

तापलेल्या पाण्यावर कधी बिंब चपटं, कधी घड्यासारखं किंवा पायऱ्यापायऱ्यांचं दिसतं. लेन्समध्ये दोष नसतो, हवेच्या थरांत उजेड वाकतो. तो इतका वाकतो की बिंबाची खालची कड पाण्याला टेकलेली दिसते तेव्हा सूर्य प्रत्यक्षात क्षितिजाखाली गेलेला असतो.

आकाश बरोबर आलं की जमीन काळी, जमीन दिसली की आकाश पांढरं. काय करावं?

आधी ठरवा, जमीन दिसायला हवी आहे का? माड, होडीची डोलकाठी, किल्ल्याची तटबंदी यांचा आकार स्पष्ट असेल तर काळी छायाकृतीच जास्त बोलते. कॅमेऱ्याचा उजेड मोजणारा मीटर सूर्यावर लावू नका, सूर्याशेजारच्या उजळ आकाशावर लावून ते माप कुलूप करा आणि मग चौकट बांधा. आयएसओ (सेन्सरची संवेदनशीलता) १००, एफ/८ (लेन्सचं छिद्र, आकडा मोठा तेवढं छिद्र लहान) आणि शटर १/२५० सेकंदाच्या आसपास, इथून सुरुवात होते.

जमिनीचा तपशील हवा असेल तर ट्रायपॉडवर तीन फोटो घ्या: बरोबर, दोन स्टॉप कमी, दोन स्टॉप जास्त (एक स्टॉप म्हणजे उजेड दुप्पट किंवा निम्मा). नंतर जोडा. लाटा तिन्हींत वेगळ्या असतात, म्हणून पाणी एकाच फोटोतलं घ्या, नाहीतर फेसाला भुताटकीसारखी दुहेरी कड येते. सरळ क्षितिजावर ग्रॅज्युएटेड एनडी फिल्टरही (वर गडद, खाली स्वच्छ काच) चालतो. पण किल्ला किंवा टेकडी क्षितिजाच्या वर येत असेल तर तिचं डोकं अवेळी काळवंडतं.

हिस्टोग्राम (फोटोतल्या उजेडाचा आलेख) बघताना लाल, हिरवा, निळा वेगवेगळे दाखवणारा लावा. सूर्यास्तात लाल आधी फुटतो, म्हणजे मर्यादेबाहेर जातो, एकत्रित आलेखात ते दिसत नाही, आणि नंतर केशरी आकाशाऐवजी सपाट पिवळा डाग मिळतो. रॉ (कॅमेऱ्याने प्रक्रिया न केलेल्या फाइल) मध्येच काढा.

रंग कॅमेऱ्यात फिके का येतात?

ऑटो व्हाइट बॅलन्समुळे, म्हणजे कॅमेरा रंगांचा तोल आपोआप साधतो म्हणून. कॅमेऱ्याला केशरीपणा ही चूक वाटते आणि तो ती "सुधारतो". व्हाइट बॅलन्स ५५०० ते ६००० केल्व्हिनवर पक्का करा. संगणकावर रंग वाढवताना सॅच्युरेशन ओढू नका. आधी एक्सपोजर (उजळपणा) किंचित खाली आणा, बहुतेक रंग तेवढ्यानेच परततात.

पोलरायझर (चकाकी कापणारा फिल्टर) काढून ठेवा. सूर्याच्या दिशेने तो आकाशावर जवळजवळ काहीच करत नाही. उलट ओल्या वाळूवरचं प्रतिबिंब पुसतो, ज्यासाठी तुम्ही पौर्णिमा गाठून आलात.

लाटांसाठी शटर किती ठेवावं?

खडकावर फुटणारा तुषार थांबवायचा असेल तर १/१००० च्या पुढे. दुधासारखं सपाट पाणी हवं असेल तर २० ते ३० सेकंद. आम्हाला सर्वांत जिवंत वाटतो तो मधला पट्टा, १/४ ते १/२ सेकंद. आणि वेळ साधायची ती लाट येताना नव्हे, परतताना. लाट वर येते, क्षणभर थबकते, मग फेसाच्या दोऱ्या ओढत खाली घसरते. त्या दोऱ्या ताणल्या जायला लागल्या की शटर दाबा. पाणी निघून गेलं की वाळूवर पातळ थर चकाकत राहतो. तो आरसा पाच-सहा सेकंदच टिकतो, मग वाळू पाणी पिते आणि पृष्ठभाग मंद होत जातो. प्रतिबिंबाचा फोटो त्या पाच सेकंदांतला.

उजेड असताना इतकं शटर मिळत नाही, तेव्हा एनडी फिल्टर (उजेड कमी करणारी गडद काच) लागतो. सहा स्टॉपचा १/१५ चे चार सेकंद करतो, दहा स्टॉपचा १/३० चे तीसहून थोडे जास्त. फिल्टर बसवण्याआधीच फोकस करून मॅन्युअलवर टाका. फिरवून गडद करायच्या एनडीने रुंद लेन्सवर आकाशात फुलीसारखा काळा पट्टा येतो, म्हणून १६-२४ मिमीला तो टाळावा.

जवळची शिंपली आणि दूरचा किल्ला, दोन्ही स्पष्ट कसे येतील?

फुल फ्रेमवर १६ मिमी, एफ/११ ला साधारण ८० सेंटिमीटरवर फोकस केलं की ४० सेंटिमीटरपासून क्षितिजापर्यंत सगळं स्पष्ट येतं. २४ मिमी, एफ/८ ला फोकसचं हे अंतर साधारण अडीच मीटर. एफ/१६ च्या पुढे गेलात तर विवर्तनाने (बारीक छिद्रातून जाताना उजेड पसरतो त्याने) सगळंच थोडं मऊ पडतं.

मुंबईची शहरदृश्यं कुठून आणि किती वाजता?

शहराचा फोटो सूर्यास्ताचा नसतो, सूर्यास्तानंतरचा असतो. बिंब बुडाल्यावर १५ ते २५ मिनिटांच्या दरम्यान आकाशाचा निळा आणि दिव्यांचा पिवळा समतोल होतात. त्याआधी दिवे फिके, त्यानंतर आकाश काळं. आयएसओ १००, एफ/८, चार ते आठ सेकंद इथून सुरू करा आणि दर दोन-तीन मिनिटांनी वेळ वाढवत न्या. गाड्यांच्या दिव्यांच्या रेषांसाठी १० ते २० सेकंद.

मरीन ड्राइव्हचा पूर्ण बाक मलबार हिलवरच्या कमला नेहरू उद्यानाच्या बाजूने दिसतो. तिथून तुम्ही आग्नेयेला बघत असता, सूर्य पाठीशी असतो. आणि खाली कट्ट्यावर असाल तर एकदा समुद्राकडे पाठ करा. पश्चिमेला तोंड करून उभ्या असलेल्या आर्ट डेको इमारती शेवटची दहा-पंधरा मिनिटं सोन्यासारख्या उजळतात. २०१८ पासून त्या युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत आहेत, तरी सगळे कॅमेरे समुद्राकडेच वळलेले असतात.

वांद्रे-वरळी सागरी सेतू २००९ मध्ये सुरू झाला. सूर्य त्याच्या तारांमागे हवा असेल तर माहीम-दादरच्या किनाऱ्यावर जा, तिथून पूल पश्चिमेकडे येतो. वांद्र्याच्या किल्ल्यावरून पूल दक्षिणेकडे आणि सूर्य उजव्या हाताला असतो, ते दिवे लागल्यानंतरचं दृश्य. गेटवे ऑफ इंडियाचं तोंड पूर्वेला आहे, तो पहाटेचा विषय.

फक्त फोन आहे. चालेल का?

चालेल. लेन्स आधी सुती कापडाने पुसा. बोटाच्या तेलकट डागामुळे सूर्यातून आडव्या रेघा निघतात, त्याला अनेकजण फोनचा दोष समजतात. आकाशावर बोट दाबून फोकस-एक्सपोजर कुलूप करा आणि उजेड बोटाने खाली ओढा. दोन बोटांनी झूम करू नका. फोनला वेगळी टेलिफोटो लेन्स असेल तर तीच निवडा. ओल्या वाळूवर फोन उलटा धरून लेन्स जमिनीपासून चार बोटांवर आणा, प्रतिबिंब चौकटभर पसरतं.

ट्रायपॉड वाळूत स्थिर का राहत नाही?

लाट परतताना पायांखालची वाळू घेऊन जाते, म्हणून. उभा करतानाच प्रत्येक पाय हाताने दाबून बोट-दोन बोटं खाली रोवा आणि लाट येऊन गेल्यावर पुन्हा दाबा. मधला दांडा वर काढू नका. कॅमेऱ्याचा पट्टा वाऱ्यात फडफडतो, तो काढून ठेवा.

पाय लांबवताना सगळ्यात खालचा, बारीक भाग आधी पूर्ण बाहेर काढा. त्यामुळे त्याचा सांधा पाण्याच्या आणि वाळूच्या वर राहतो. सांध्यात वाळू गेली की फिरवताना करकर आवाज येतो. तसा आवाज आला की जोर लावू नका, आटे झिजतात.

परवानगी लागते का? ड्रोनचं काय?

चौपाटीवर हातातल्या कॅमेऱ्याला कोणी अडवत नाही. पुरातत्त्व खात्याच्या ताब्यातल्या किल्ल्यांत ट्रायपॉडला परवानगी लागते आणि सूर्यास्तानंतर थांबता येत नाही. जंजिऱ्याच्या होड्याही त्याआधीच परततात, म्हणून जंजिरा राजापुरीच्या बाजूने टिपा. नौदलाच्या आणि बंदराच्या हद्दीत कॅमेरा बाहेर काढू नका.

ड्रोनसाठी २०२१ चे नियम आहेत. सरकारच्या डिजिटल स्काय या ड्रोन-नकाशावर लाल, पिवळा, हिरवा विभाग बघा. लाल विभागात केंद्राच्या परवानगीशिवाय उड्डाण नाही, हिरव्यात ४०० फुटांपर्यंत चालतं. मुंबईत पोलिसांचे मनाई आदेश वेळोवेळी निघतात, ते वेगळे तपासा.

खाऱ्या वाऱ्यापासून कॅमेरा कसा जपावा?

वारा समुद्राकडून असेल तर दहा मिनिटांत लेन्सवर बारीक थेंब जमतात. वाळले की त्यांची पांढुरकी टिंबं होतात, म्हणजे मिठाचे कण. कोरड्या कापडाने घासलं तर ते काचेवर ओरखडे काढतात. आधी हवेच्या फुग्याने वाळू उडवा, मग गोड्या पाण्यात भिजवून पिळलेल्या मऊ कापडाने मीठ टिपून घ्या, शेवटी कोरड्या कापडाने पुसा. कापडं दोन ठेवा, ओलं आणि कोरडं वेगवेगळ्या खिशांत. लेन्स बदलायची तर गाडीत बसून.

एसी खोलीतून थेट किनाऱ्यावर आलात की काच धुकट होते. पुसून उपयोग नाही, पुन्हा येतं. कॅमेरा बंद पिशवीतच २०-३० मिनिटं बाहेरच्या हवेला येऊ द्या, खोलीतून निघतानाच तो वेळ धरा.

परतल्यावर त्याच रात्री ट्रायपॉडचे पाय पूर्ण लांबवून नळाखाली धुवा आणि उघडेच वाळवा. कॅमेऱ्याचं अंग, बटणांच्या फटी, बॅटरीचं झाकण ओलसर कापडाने पुसा. पिशवीचा तळ उलटा करून झटका, वाळू तिथेच साठते. मग सगळं ४० ते ५० टक्के आर्द्रतेच्या कपाटात, किंवा हवाबंद डब्यात सिलिका जेलच्या पुड्यांसोबत ठेवा. जेलचे दाणे रंग बदलले की तव्यावर मंद आचेवर पुन्हा सुकवून घ्यायचे. कागदी पुडी मात्र तव्यावर टाकू नका, दाणे बाहेर काढून सुकवा.